हरणांसाठी पेरलेला हरभरा

माझ्या बाबांची सारी हयात जनावरांना वाडीतून हुसकण्यात गेली, आणि माझी ऐन उमेदीची वर्षं त्यांना शेतात बोलावण्यात. आमच्या गास गावात ही नोकरी कोणाला समजावून सांगणं फार कठीण होतं. रविवारची मिस्सा आटोपून देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, आलो की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय पास्कू, खानावळ कशी चाललीय?" मी डोंगराच्या पायथ्याशी हरणांची खानावळ चालवतो, असं गावाने ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

मोठं युद्ध संपून थोडाच काळ झाला होता. आम्ही तिघे भाऊ, आणि वाडी एकाच्या पोटापुरती. केळी, भाजी, बांधावर थोडी पानवेल. धाकटा म्हणून मी वाऱ्यावरचा. त्या हिवाळ्यात वसईचे एक वकील आमच्याकडे लावणीसाठी केळीचे मुनवे न्यायला आले. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. उंच, सावळे, बोलताना डोळे बारीक करायची सवय. मुनवे बघायचे सोडून ते माझ्या वालाच्या वाफ्यापाशीच उभे राहिले. वाल जमिनीवर अंथरल्यासारखा दाट आला होता. हा कोणी केला, असं त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बापूसाहेब म्हणाले, "मला असाच वाल हवा आहे. फक्त खाणारे वेगळे आहेत."

मनवेलपाड्याच्या पुढे, पूर्वेला, डोंगराला लागून त्यांची वडिलोपार्जित मालकीची जमीन होती. खाली हलक्या मातीचा वरकस माळ, वर कारवीचं आणि ऐनाचं रान, रानात एक मोठा मोकळा माळ, मधून एक ओहळ. गवत कापून विकायचं, एवढंच त्या जमिनीचं उत्पन्न. पण बापूसाहेबांना उत्पन्नापेक्षा शिकारीचा नाद. थंडी पडली की मित्रांना घेऊन यायचे आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जायचे, कारण जनावर त्यांच्या जमिनीत थांबायचंच नाही. कुठे तरी त्यांनी ऐकलं होतं की परदेशात जमीनदार लोक हंगामाआधी हरणांसाठी खास पीक पेरतात. तोच प्रयोग त्यांना इथे करायचा होता. त्यासाठी त्यांना शिकारी नको होता, माळी हवा होता. मी रानमुकादम झालो.

बाबांना ही बातमी सांगितली तेव्हा ते केळीचा पाला काढत होते. हातातलं पान त्यांनी आधी पुरतं सोलून काढलं. मग म्हणाले, "आमी हाकलतो न् तू जेवायला बोलवतो. बरा हाय धंदा." आणि पुन्हा पाला काढू लागले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट त्या संध्याकाळी त्यांनी घरातलं निवडक वालाचं बियाणं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिकार म्हणजे बंदूक. बंदुकीचं काम क्षणाचं. त्याआधीचं सगळं काम कुदळ, कोयता आणि डोक्याचं. हरण हा आपला मोघम शब्द. आमच्या रानात सांबर होतं, थोडं चितळ होतं आणि भेकर तर झुडपाझुडपात. या सगळ्यांना चार गोष्टी लागतात : खाणं, पाणी, मीठ आणि लपायला आडोसा. चारही एका ठिकाणी मिळाल्या आणि वर माणसाचा वावर कमी असला, की जनावर तिथे घर करतं. एखादी गोष्ट कमी पडली की ते येतं, खातं आणि निघून जातं. माझं काम त्याला थांबवण्याचं.

पाऊस ओसरताना उडीद फोकायचा. गवत कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हरभरा आणि वाल. गवत सगळं कापायचं नाही, मध्ये मध्ये उंच पट्टे ठेवायचे, म्हणजे जनावराला दिवसा बसायला जागा होते. ओहळाला दगड-मातीचा बांध घालून पाणी अडवायचं. मचाण हंगामाच्या कितीतरी आधी बांधून ठेवायचं, म्हणजे जनावराला ते झाडाचाच भाग वाटू लागतं. मचाणाकडे जाणारी पायवाट सतत झाडत राहायची. सुक्या पानांवर पाय पडला की अख्खं रान जागं होतं. माझी आय एकदा जमीन बघायला आली होती. मी रानातली वाट खराट्याने झाडतोय हे बघून तिने मला काही न बोलता घरी न्यायची तयारी केली होती.

वारा तर सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे थंडीत सकाळचा वारा डोंगरावरून खाली येतो आणि दुपार कलली की खाडीकडून वर जातो. संध्याकाळी बसायचं मचाण म्हणून शेताच्या पूर्वेला हवं. तसं नसेल तर साहेबांच्या अंगाला लावलेल्या साबणाचा वास जनावराला साहेबांच्या आधी कळतो.

मिठाचं मात्र आम्हाला सोपं होतं. खाडीवर मिठागरं होती. मीठ गोळा करताना तळाशी जे मातकट, काळपट मीठ उरतं, ते घरात कोणी वापरत नाही. मी ते गाडीतून आणायचो, लाल मातीत कालवायचो आणि ओहळाजवळच्या खड्ड्यात थापून ठेवायचो. याला आम्ही चाटण म्हणायचो. पहिलं दव पडलं की मीठ पाझरायला लागायचं आणि सकाळी बघावं तर चाटणावर जिभांचे गुळगुळीत पन्हाळ पडलेले. ते बघितलं की मला फार बरं वाटायचं. आपण रांधलेलं कोणीतरी ताट चाटूनपुसून खाल्ल्यासारखं.

पहिल्या वर्षी मात्र आमची पार फजिती झाली. शेताची जागा बापूसाहेबांनीच निवडली होती, गाडीवाटेला अगदी लागून, म्हणजे पाहुण्यांना चालायला नको. त्यावर त्यांनी फर्मावलं की गासच्या वाडीला जे खत घालता तेच इथे घाल, हात आखडू नकोस. आमच्या वाडीला आम्ही सुक्या मासळीचा कुटा घालतो. मी दबकत म्हटलं, साहेब, वास येईल. ते म्हणाले, वास आला तरी पीक येईल. झालं. अर्नाळ्याहून गाडीभर कुटा आला. गाडीवानाने वाटेत तोंडाला फडका बांधला होता तो परत जाईपर्यंत सोडला नाही.

पीक काय आलं म्हणून सांगू. पण सांबराने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याऐवजी डुकरं आली, कोल्हे आले, मुंगसं आली आणि मासळी कुठे पुरलीय ते शोधत त्यांनी अर्धं शेत उकरलं. बापूसाहेब त्यांच्या एका डॉक्टर मित्राला घेऊन मचाणावर बसले तेव्हा संध्याकाळभर शेतात हिंडत होती ती फक्त शेजारच्या पाड्यातली कुत्री. खाली उतरल्यावर बापूसाहेबांनी नाकावरचा रुमाल काढला आणि विचारलं, "पास्कू, मी शिकारीला आलोय की अर्नाळ्याच्या बाजाराला?" खत कोणी सांगितलं होतं ते मी काढलं नाही. नोकरी नवी होती.

पुढे वास उडाला आणि हंगाम संपता संपता सांबरं उतरू लागली. मी खूश झालो. पण माझी खुशी ओहळापलीकडच्या पाड्याला महागात पडत होती, हे मला जानीबाय आली तेव्हा कळलं.

आंबेपाडा म्हणजे वारल्यांच्या पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती. भात निघालं की त्याच खाचरांत ते वाल टाकायचे. घरातलं भात संपत आलं की पुढचे महिने त्या वालावरच त्यांचं निभायचं. जानीबाय ही तिथली वयस्क बाई. नवरा कधीच गेला होता. पाड्यातली भांडणं, लग्नं, औषधपाणी सगळं तिच्या अंगणात चालायचं. अंगाने काटकुळी, पण चालायची अशी की वाट तिची आहे. ती सकाळीच, मी शेताजवळ राहायला घातलेल्या झोपडीसमोर येऊन बसली आणि मुळासकट उपटलेले, शेंडे खाल्लेले वालाचे वेल माझ्यापुढे टाकले.

"तुज्या शेतात जेवतात न् हात धुवाला आमच्या शेतात येतात," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर जाऊन बघितलं. तिचं खरं होतं. साहेबांनी निवडलेली जागा डोंगर आणि पाडा यांच्या बरोबर मध्ये होती. सांबर एकदा डोंगर सोडून गाडीवाटेपर्यंत खाली आलं की पुढची खाचरं त्याला दोन उड्यांवर. मी त्याला घरातून बाहेर काढून दुसऱ्याच्या दारात आणून सोडत होतो. रेशनचे दिवस होते, धान्य जास्त पिकवा असं सरकार जिथे तिथे सांगत होतं, आणि इथे एका माणसाच्या हौसेपायी पाड्याचा वाल जात होता.

मी दुसऱ्या वर्षी जागाच बदलली. ओहळाच्या वरच्या अंगाला, जिथे सांबर डोंगरातून बाहेर पडतं तिथेच एक सपाटी होती. शेत तिथे केलं. चाटण तिथेच, पाण्याचा बांध तिथेच, आणि भोवती गवताचे उंच पट्टे राखले. जनावराला घरच्या ओसरीवर सगळं मिळालं तर ते गावात कशाला हिंडेल, असा माझा हिशेब. पाहुण्यांना थोडं चालावं लागेल हे बापूसाहेबांना सांगताना मी आधी मासळीच्या कुट्याची आठवण काढली. ते लगेच कबूल झाले.

एक गोष्ट मी आणखी मागून घेतली. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडावे लागतात, म्हणजे तो फुटवे धरतो आणि दाट होतो. एवढ्या मोठ्या तुकड्याचे शेंडे मी एकटा कधी खुडणार? पाड्यातल्या बायकांना भाजी हवी होतीच. बापूसाहेब त्या दिवशी जमिनीवर आले होते. त्यांच्या देखतच मी जानीबायला विचारलं, आणि बापूसाहेब मोठ्या मनाने म्हणाले, "हवी तेव्हा या आणि हवी तेवढी खुडा. माझी हरकत नाही." जानीबायने त्यांच्याकडे नीट पाहिलं, म्हणजे हे शब्द तिने गाठीला बांधून घेतले, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या वर्षीचं पीक मी विसरणार नाही. खुडलेला हरभरा असा फुटला की मधे माती दिसेना. मार्गशीर्षात सांबरं यायला लागली. आधी एक मादी आणि तिचं पाडस, मग आणखी दोन माद्या, आणि एके दिवशी तो नर. ऊन कलल्यावर गवतातून आधी त्याची शिंगं बाहेर आली, मग तो आला. मानेवर राठ आयाळ, एका शिंगाचं टोक मोडलेलं. शेताच्या कडेला तो कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग सावकाश मान खाली घातली. मी करंजाच्या आड बसलो होतो, हाताला मुंग्या चावत होत्या आणि मी हलत नव्हतो. त्यानंतर तो रोज येऊ लागला. आधी हरभरा, मग चाटण, मग पाणी, मग गवतात बैठक. ओहळ ओलांडून खाली जायचं त्याला कारणच उरलं नाही. पाड्याचा वाल त्या वर्षी फुलावर आला, शेंगेवर आला, कोणी तोंड लावलं नाही.

जानीबाय एकदा वाटेत भेटली तेव्हा थांबली आणि म्हणाली, "औंदा बायांला झोप मिलाली." वाल राखायला रात्री जागणं सुटलं होतं. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता बापूसाहेबांना कळवणं भाग होतं. ती माझी नोकरीच होती. नाताळच्या आधीच्या आठवड्यात ते डॉक्टरांना घेऊन येणार असं ठरलं. मचाण तयार होतं, वाट झाडलेली होती, परवाना काढलेला होता. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी जानीबाय पुन्हा माझ्या झोपडीपुढे येऊन बसली. तिने विचारलं, बार कुठे होणार? मी म्हटलं, शेतावर. मग तिने मला जे सांगितलं ते मला आधीच सुचायला हवं होतं. शेतावर एक बार झाला की सांबरं त्या सपाटीवर पुन्हा पाय ठेवणार नाहीत. डोंगरातून उतरायला दुसरी घळ आहे, आणि ती घळ थेट पाड्याच्या वालात उघडते. शेंगा भरत आलेल्या. एका संध्याकाळच्या शिकारीपायी पाड्याचे पुढचे महिने जाणार होते.

मी बापूसाहेबांना ते आल्या आल्याच हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेत. मग डोळे बारीक करून म्हणाले, "वर्षभर खर्च करून, पीक पेरून, जनावर आणून उभं केलंस, आणि आता म्हणतोस त्याच्याकडे बघत बसा?" मी म्हटलं, वरच्या मोठ्या माळावर बसून हाका करता येईल, माणसं रान उठवत जनावर तुमच्यापुढे आणतील. ते म्हणाले, हाक्याला माणसं कुठून आणायची? पूर्वी मुकादमाने पाड्यात निरोप धाडला की वेठीला माणसं यायची. आता वेठ संपली होती. वारल्यांनी ती लढून संपवली होती, आणि बापूसाहेबांना ते अमान्य नव्हतं, पण तेव्हापासून पाड्यात जाऊन विचारायचा त्यांना संकोच वाटायचा. मला वाटतं, मचाणावर बसायची आवड त्यांना त्या संकोचातूनच लागली असावी. मचाणाला माणसं लागत नाहीत.

संध्याकाळी ते दोघे मचाणावर चढले. मी खाली कारवीत. वारा खाडीकडून चांगला लागत होता. ऊन तिरकं झालं. ओहळाच्या वर कुठेतरी भेकर भुंकलं. गवताचा पट्टा एका जागी हलला आणि थांबला. मला माहीत होतं तिथे कोण उभं आहे ते. वर मचाणावर बापूसाहेबांनी बंदूक उचलून मांडीवर घेतल्याची चाहूल लागली.

आणि ओहळाकडून बायकांचा बोलण्याचा आवाज आला.

आठ-दहा जणी असतील. कमरेला टोपल्या. पुढे जानीबाय. सरळ शेतात शिरल्या, ओळीने बसल्या आणि खुडायला लागल्या. कोणाच्या तरी लग्नात भाताला मीठ नव्हतं, अशी काहीतरी गोष्ट चालली होती आणि सगळ्या मोठमोठ्याने हसत होत्या. गवतातली हालचाल डोंगराकडे सरकत गेली आणि नाहीशी झाली. मचाणावरून डॉक्टरांची कुजबूज ऐकू आली, यांना कोणी हाकला. बापूसाहेब वरून मला खुणावत होते. मी उठलो आणि जानीबायजवळ जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलंच नाही.

"भाजी खुडते," ती म्हणाली. "सायबानं सांगितलंय, हवी तवा या."

मी परत मचाणाखाली आलो आणि जसंच्या तसं सांगितलं. मग बापूसाहेबांनी काडतुसं काढून खिशात टाकली, बंदूक माझ्या हातात दिली आणि खाली उतरले. चेहरा लाल झाला होता. शेतात जाऊन ते जानीबायपुढे उभे राहिले.

"जानीबाय, हीच भाजी सकाळी खुडली तर नाही चालणार?"

"सकाली हरभऱ्यावर आंब असते. हात फुटतात."

"उद्या संध्याकाळी मग?"

"उद्या संध्याकाली बी येनार."

"आणि परवा?"

"परवा बी. लई भाजी हाय. तुमी बेस पेरली."

हरभऱ्याच्या पानांवर रात्रीतून आंबट दव साठतं आणि सकाळी खुडलं तर हात खरोखरच फुटतात. बापूसाहेबांनी कोर्टात खूप उलटतपासण्या केल्या असतील, पण या उत्तरात कुठे फट नव्हती आणि शब्द तर त्यांचाच होता. मला वाटलं, आता भडका उडणार आणि त्याबरोबर माझी नोकरीही. पण ते बांधावर बसले. खिशातून चंची काढली, पान लावलं, एक जानीबायलाही दिलं. तिने ते घेतलं. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "भाजीचं राहू दे. तुला काय हवंय ते सांग."

ती म्हणाली, "इथं बार नको. शेंगा भरू दे."

"मग मी बंदूक कशाला बाळगलीय?"

जानीबायने हनुवटीने वरचा मोठा माळ दाखवला. "वर बसा. तितं मारा. आमचे बापये हाका देतील." आणि थोडं थांबून, खुडणं चालूच ठेवून, ती म्हणाली, "पयले तुमी सांगायचा न् ते भिऊन यायचे. आता आमी सांगतो न् येतो."

बापूसाहेबांनी मान खाली घातली होती. शेवटी एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी?" ती म्हणाली, उद्या सकाळी. डॉक्टर अजून मचाणावरच होते. त्यांना कोणी खाली उतरायला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा हाका मी पाहिलेल्या सगळ्या हाक्यांत उत्तम. माणूस मनाने आला की काम कसं होतं ते मी तिथे पाहिलं. पाड्यातले पुरुष दिवस उजाडायच्या सुमाराला डोंगराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. सकाळचा वारा वरून येत होता, म्हणून बापूसाहेब आणि डॉक्टर माळाच्या खालच्या कडेला, एका ऐनाच्या आडोशाला बसले. मग डोंगरातून एक हाळी आली आणि तिच्यामागोमाग डबे, काठ्या, शिट्ट्या. आरडाओरडा नाही, रान सावकाश, एका ओळीत, चादर सरकवावी तसं सरकत आलं. ओळीच्या एका टोकाला पत्र्याचा डबा वाजवत जानीबाय होती. बायांनी हाक्याला जायची रीत नव्हती, पण ते तिला सांगणार कोण?

आधी मादी आणि पाडस आलं. बापूसाहेबांनी बंदूक खाली ठेवून त्यांना जाऊ दिलं. मग भेकर आलं आणि डॉक्टरांचा बार आकाशात गेला. मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात कारवी फाकली आणि तो मोडक्या टोकाचा नर माळावर आला. पळत नव्हता, चालत होता. बापूसाहेबांनी एकच बार टाकला आणि तो जागेवर बसला.

सगळे धावले. मी उशिरा पोहोचलो. माझ्या धंद्याचा शेवट हाच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ज्याच्या घरात कोंबडी-डुक्कर कापलं जातं त्याने नाक मुरडायचंही कारण नाही. तरी त्याच्या ओठाला हरभऱ्याचं हिरवं लागलेलं होतं ते मला दिसलं. त्याने माझं मीठ खाल्लं होतं, अगदी शब्दशः, आणि रोज येऊन तो त्याला जागला होता. मी कसा जागलो, याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला. उत्तर अजून सापडलेलं नाही.

पाड्यात त्या दिवशी सण होता. मांसाचे वाटे पडले, घरटी पोहोचले. बापूसाहेब अंगणात खाटेवर बसले होते, डॉक्टर एका म्हाताऱ्याचा गुडघा तपासत होते. बापूसाहेबांनी जानीबायला विचारलं, तुझा वेगळा वाटा काय देऊ? ती म्हणाली, मांस पुरे झालं, हरभऱ्याचं बी द्या. पाड्यात कोणी हरभरा केला नव्हता. तो आमच्याकडेच तिने पहिल्यांदा नीट पाहिला होता. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोणीच उचलून दिली. मग मी नाताळला गासला गेलो आणि देवळाबाहेर कोणी खानावळीची चौकशी केली तेव्हा पहिल्यांदाच छाती काढून म्हटलं, जोरात चाललीय.

तेव्हापासून शेतावर बार करायचा नाही आणि हाका पाड्याने द्यायचा, असा रिवाज पडला. लिहून कोणी घेतलं नाही, मोडलंही नाही. पुढे कायदे कडक झाले, बापूसाहेबांचे गुडघे दुखायला लागले, शिकार आपोआप थांबत आली. ती जमीन मग दगडाच्या खाणीला गेली आणि आता तिथे इमारती आहेत. त्यांच्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला सांगावं, इथे सांबर मीठ चाटायचं, तर आपण वाट चुकलोय असं समजून तो रस्ता दाखवेल आणि निघून जाईल. त्याचं काही चुकतंय असं नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. बी दिलं त्याच्या पुढच्या वर्षी मी जरा सुस्तावलो होतो. शेत जमलेलं, जनावर सवयीचं, साहेब खूश. वेळेवर खुडणी केली नाही, बीही जुनंच टाकलं. आणि एके सकाळी जानीबाय पुन्हा झोपडीपुढे हजर. या वेळी तिने आणलेले शेंडे खाल्लेले वेल वालाचे नव्हते, हरभऱ्याचे होते. सांबरं माझ्या शेतातून तोंडही न लावता पुढे गेली होती आणि ओहळ ओलांडून तिच्या हरभऱ्यावर बसली होती. मी जाऊन तिचं शेत पाहिलं. दाट, हिरवंगार, एकसारखं खुडलेलं. सांबराच्या जागी मी असतो तर मीही तिथेच गेलो असतो.

"त्यांना बी चव कलते," ती म्हणाली.

बापूसाहेबांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी हुकूम काढला की यापुढे पेरणी झाली की जानीबाय शेत बघेल आणि ती पास करेल तेव्हाच मुकादमाचं काम पुरं झालं असं धरायचं. त्यांनी गंमत केली होती, पण जानीबायने ती मनावर घेतली.

तेव्हापासून दर वर्षी थंडी सुरू झाली की ती यायची. मी वाट झाडून, बांध लिंपून, चाटण थापून उभा असायचो, शाळेत तपासणीच्या दिवशी मास्तर उभे राहतात तसा. ती चपला बांधाबाहेर काढायची, एका टोकाने शेतात शिरायची, वाकून मुळाशी माती चाचपायची, चाटणाच्या कडेचं मीठ बोटाला लावून जिभेवर ठेवायची, पाण्यात हात घालून बघायची. मी मागून चालायचो. बोलायची हिंमत व्हायची नाही. सगळ्या शेताला फेरी घालून झाली की ती मधोमध उभी राहायची, हरभऱ्याचा एक शेंडा खुडायची, तोंडात टाकायची आणि डोंगराकडे बघत सावकाश चघळत राहायची. मग बांधावर येऊन चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणायची,

"येतील."

आणि पाड्याच्या वाटेला लागायची.